शेजारचे आजोबा आमच्या रानात हरणाची शिकार करायची परवानगी मागतायत – द्यावी का? (पेनसिल्व्हेनिया)

सुपारीबाग | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री ८:१५

मंडळी, धाग्याचं नाव वाचून दचकू नका. मी स्वतः अजून दचकलेलीच आहे.

मार्चमध्ये आम्ही हॅरिसबर्गहून वर, सस्क्वेहाना नदी ओलांडून पेरी काउंटीत घर घेतलं. घर रस्त्याला लागून, मागे ११ एकर. अर्ध्याहून जास्त झाडी, मध्ये ओढा, पलीकडे चढ. सकाळी चहा घेताना पाच-सहा हरणं अंगणात येऊन माझी होस्टाची रोपं खाऊन जातात, त्यामुळे हरणांबद्दलचं सुरुवातीचं प्रेम जरा आटलेलं आहे, पण ते असो.

परवा संध्याकाळी शेजारचे आजोबा टोपी हातात घेऊन दारात उभे. सत्तरी ओलांडलेले, आम्ही राहायला आलो त्याच दिवशी सफरचंदाचा पाय (भाजलेला गोड पदार्थ) घेऊन आले होते. म्हणाले, आधीच्या मालकाच्या परवानगीने तीस वर्षं तुमच्या मागच्या चढावर शिकार करतोय, यंदाही करू का? वर हेही म्हणाले, "जमीन तुमची, शब्द तुमचा. नाही म्हणालात तरी पाय येत राहील."

नवरा "विचार करून सांगतो" म्हणाला आणि आत येऊन माझ्याकडे बघत बसला. आमच्या साताऱ्याच्या घरी बंदूक म्हणजे बँकेच्या दारातल्या वॉचमनची, तीही चालते की नाही याची शंका असलेली. मुलगी ९ वर्षांची आहे, दिवसभर मागेच खेळते. बंड्या (कुत्रा, रंगाने तपकिरी, म्हणजे लांबून हरणच) मोकळा फिरतो.

हे कायदेशीर आहे का? काही बरंवाईट झालं तर आमच्या गळ्यात येईल का? आणि नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं? उपदेश नको, माहिती हवी. (उपदेश येणारच आहेत, माहितेय.)

मांजरपाट | ६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

बंड्याला आधी रंगवा.

रानोमाळ | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

मांजरपाट गंमत करतायत, पण बंड्याला केशरी बंडी खरंच घ्या. शेतीच्या दुकानात मिळते.

मी पिट्सबर्गच्या बाजूला असतो, २००४ पासून शिकार करतो. पहिले दोन सीझन नुसती थंडी मारली. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कायदेशीर आहे का, तर हो, परवाना असलेल्या माणसाला आणि ठरलेल्या हंगामातच. राज्याचं गेम कमिशन हे सगळं बघतं, १८९५ पासूनची संस्था आहे. परवाना १ जुलै ते ३० जून चालतो. ज्याने आयुष्यात कधी शिकारीचा परवाना काढलेला नाही त्याला आधी सुरक्षेचा कोर्स करून परीक्षा द्यावी लागते, मग तो अकरा वर्षांचा असो की पन्नाशीचा. मी छत्तिसाव्या वर्षी दिली, शेजारच्या बाकावर सहावीतली मुलगी होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

हंगाम तीन प्रकारचे: आत्ता ऑक्टोबरात धनुष्यबाणाचा चालू आहे, थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा सण) रायफलचा, आणि ठासणीच्या बंदुकीचा वेगळा. आजोबा ज्याबद्दल विचारतायत तो बहुधा रायफलचा. १९६३ पासून २०१८ पर्यंत तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी इकडच्या कित्येक शाळांना चक्क सुट्टी असायची, आपल्याकडे अनंत चतुर्दशीला असते तशी. २०१९ पासून शनिवारी उघडतो. यंदा २९ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर.

आता तुमच्या कामाचं. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, घरात राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणाला ५० यार्ड. शाळा, पाळणाघर, खेळाचं मैदान असेल तर बाणालाही १५०. नुसती गोळी झाडणंच नव्हे, त्या पट्ट्यात हाकारा घालून जनावर उठवणंही बंद. म्हणजे तुम्ही "चढावर चालेल, घराजवळ नाही" असं म्हणालात तर कायदा आधीपासून तुमच्याच बाजूने आहे.

हिशेबतपासनीस | ६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

रानोमाळ, मग यांच्या ११ एकरांत उरतं किती? करून बघितलं. १५० यार्ड त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे साधारण १४.६ एकर. घर जमिनीच्या मधोमध असतं तर जवळजवळ सगळी जमीन वर्तुळाच्या पोटात गेली असती, परवानगीशिवाय कुणाला बंदूक उचलताच आली नसती. घर रस्त्याच्या कडेला म्हणतायत, तर अर्धं वर्तुळ धरू, ७.३ एकर. जमीन मागे लांबट असेल तर टोकाला तीन-चार एकराची पट्टी सुटते. ताई, तोच तुमचा चढ असणार.

पण मागच्या बाजूला दुसऱ्या कुणाचं घर असेल तर त्याचंही वर्तुळ इकडे घुसतं. ते उपग्रहाच्या नकाशावर मोजून घ्या.

सुपारीबाग | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

हिशेबतपासनीस, रात्री अकराला माझ्या जमिनीचं क्षेत्रफळ काढणारे तुम्ही, तुमचं भलं होवो. मोजलं. चढाचा माथा घरापासून २३० यार्ड, मागचं घर डोंगराच्या पार पलीकडे, अर्ध्या मैलावर.

पण मला एक कळत नाही. १५० यार्ड पुरतात का? गोळी तिथे थांबते थोडीच!

रानोमाळ | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

लाखातला प्रश्न. थांबत नाही. हरणाच्या रायफलची गोळी मोकळी सुटली तर दोन-तीन मैल जाऊ शकते. १५० यार्ड ही कायद्याची रेघ आहे, गोळीला ती ठाऊक नसते. म्हणून कोर्समध्ये पहिल्या दिवसापासून डोक्यात घालतात की सावज दिसलं एवढ्यावर बार काढायचा नाही, सावजाच्या मागे काय आहे ते दिसलं पाहिजे. मागे मातीचा चढ असेल तर गोळी मातीत जिरते. हरीण माथ्यावर उभं असेल आणि मागे नुसतं आकाश असेल तर बार काढायचा नाही, मग शिंगं कितीही मोठी असोत. आवाजावर किंवा झुडूप हललं म्हणून गोळी घालणं हा या राज्यात गुन्हा आहे.

बाकीचे नियम तेच, मुखोद्गत असलेले बरे: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी सुरक्षित दिशेला, बार काढायच्या क्षणापर्यंत बोट घोड्यावर नाही.

आजोबांना एवढंच विचारा: तुम्ही बसता कुठे आणि गोळी जाते कुठे? तीस वर्षं बसलेला माणूस बोटाने दाखवेल. उत्तर द्यायला अडखळला तर पाय खा आणि नाही म्हणा.

पर्वतीचा_पक्षी | ७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

केशरी कपड्यांचं काय? मंडळाच्या ढोलपथकाचे भगवे फेटे पडून आहेत, ते बांधून रानात गेलं तर चालेल का? दृश्य तरी भारी दिसेल.

रानोमाळ | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:००

दृश्य भारी, पण चालणार नाही. रंग चकाकणारा केशरी लागतो, रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तो. फेट्याचा भगवा सांजवेळी पालापाचोळ्यात मिसळून जातो. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून २५० चौरस इंच केशरी हवा आणि तो चारही बाजूंनी दिसला पाहिजे. टोपी आणि बंडी घातली की भागतं. शिवाय राज्याच्या मालकीची जी शिकारीची रानं आहेत तिथे १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर नुसतं फिरायला गेलेल्यालाही केशरी घालावं लागतं. आपली मंडळी थँक्सगिव्हिंगला पाहुणे घेऊन काळी जाकिटं घालून ट्रेकला निघतात, त्यांनी हे वाचा.

हरणाला केशरी दिसत नाही का, असं सगळे विचारतात. त्याला तो आपल्यासारखा झगमगीत दिसत नाही, मातकट दिसत असावा. निळा मात्र नीट दिसतो. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत बंडी धुतली तर ती हरणाच्या डोळ्याला चमकते, म्हणून जुने शिकारी ती साध्या पाण्यात खंगाळतात. माझ्या बायकोच्या मते हे आळसाचं शास्त्रीय नाव आहे.

वरणभात | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सगळे नियम-नियम खेळताय. मुळात मुक्या जनावराला गंमत म्हणून मारायचं, आणि आपण त्याला जमीन द्यायची? ताई, सरळ नाही म्हणा. आपल्या देशात १९७२ पासून शिकारीला बंदी आहे, ती काही उगाच नाही.

मांजरपाट | ७ ऑक्टोबर, रात्री ९:१४

आला, उपदेश आला. (खुर्ची सरकवून बसलो आहे.)

रानोमाळ | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३०

वरणभात, मारणं नको वाटतं यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मात्र दोन्हीकडची परिस्थिती एक नाही. इथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणं जवळजवळ संपली होती. वाट्टेल तेव्हा मारायचं आणि बाजारात विकायचं, असा कारभार होता. १९०६ मध्ये मिशिगनमधून ५० हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये माद्या मारायला बंदी आली, रानं राखली. मग इतकी वाढली की १९२३ मध्ये माद्यांचे परवाने पुन्हा द्यावे लागले. लांडगा नाही, डोंगरी सिंह नाही, खाणार कोण? हरणं कोवळी रोपं फस्त करतात, नवं जंगल वर येत नाही. म्हणून कुठल्या पट्ट्यात किती माद्यांचे परवाने द्यायचे ते दरवर्षी ठरतं. नरांना २००२ पासून शिंगांची अट आहे: बहुतेक भागांत एका बाजूला किमान तीन टोकं हवीत, म्हणजे पोरसवदा नर वाचतात.

रानमांस विकायला आजही बंदी आहे. स्वतः खा, वाटा, किंवा १९९१ पासून चालू असलेल्या योजनेत खाटकाकरवी अन्नछत्रांना द्या. कमिशनचा खर्चही परवान्यांच्या पैशातून आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातून चालतो, १९३७ च्या कायद्याने तो यासाठी राखून ठेवला. म्हणजे या राज्यातली कित्येक रानं शिकाऱ्यांच्या पैशांनी विकत घेतलेली आहेत. आवडो न आवडो.

करमाळेकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

रामराम. माझा भाऊ गावाकडं शेती करतो, मी पुण्यात. वरणभात साहेब, बंदी बरोबरच आहे, नाहीतर आमच्याकडची काळवीटं कधीच संपली असती. नान्नजला, रेहेकुरीला लोक फोटो काढायला येतात ती याच बंदीची कमाई. पण रात्रीत कळप हरभऱ्यात घुसला की सकाळी भावाचं तोंड बघवत नाही. वनखात्याकडं अर्ज, पंचनामा, मग भरपाई, आणि ती मिळेस्तोवर पुढचं पीक. तिकडं त्या आजोबांना कुणाच्या रानात जायचं तर टोपी काढून विचारावं लागतं, हे मला आवडलं. आमच्याकडं हरणं विचारत नाहीत.

ह्यूस्टनची_माई | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

करमाळेकर, तुमचं काळवीट आमच्या टेक्ससमध्ये आहे! आणि चितळही. १९३२ च्या सुमारास इकडच्या डोंगराळ भागातल्या रँचवर आणून सोडले, आता तिथे मोकाट कळप आहेत. दक्षिणेला रोहीसुद्धा. ही सगळी परदेशी जनावरं धरतात, त्यामुळे त्यांना ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की बारा महिने. पहिल्यांदा एका रँचच्या दरपत्रकात "चितळ नर" पाहिला तेव्हा पोटात कालवलं. ताडोब्यात ज्याच्यासाठी जीप थांबवून श्वास रोखला होता, त्याची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली.

आमच्याकडे खाजगी जमिनीवर केशरी कपड्यांची सक्ती नाही, मक्याचं आमिष टाकायलाही परवानगी आहे. रानोमाळ, तुमच्याकडे?

रानोमाळ | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

माई, आमच्याकडे आमिष बंद. फिलाडेल्फियाच्या आसपास खाजगी जमिनीवर खास परवान्याने थोडी सूट आहे, बाकी राज्यात मक्याचा ढीग दिसला की दंड. आणि ताई, तुम्ही स्वतः हरणांना दाणे घालत असाल तर तेही थांबवा, एक म्हणजे शेजारच्या शिकाऱ्याची पंचाईत होते, आणि दुसरं कारण रोगाचं आहे. ते मॅडिसनकर जास्त नीट सांगतील, बोलवा त्यांना.

मॅडिसनकर | ८ ऑक्टोबर, रात्री ८:००

आलो. रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरीण खंगत जातं, लाळ गळते, माणसाची भीती राहत नाही आणि मरतं. जंतू नव्हे, बिघडलेलं प्रथिन असतं, शिजवून मरत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडलं, पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असंच सांगतात. एका ढिगावर दहा हरणं तोंड घालतात म्हणून दाणे नकोत. तुमच्याकडे बाधित पट्ट्यांचे नकाशे निघतात. त्या पट्ट्यातून हरणाचं डोकं आणि पाठीचा कणा बाहेर न्यायला बंदी, मांस सोडवून न्यायचं. डोकी टाकायला पेट्या ठेवलेल्या असतात, तपासणी फुकट. आजोबांना विचारा, तुमची जमीन त्यात येते का ते त्यांना नक्की ठाऊक असेल.

एका राज्याचं वाचून दुसऱ्या राज्यात जाऊ नका. आमच्याकडे कमरेच्या वरचे निम्मे कपडे झगमगीत केशरी किंवा २०१६ पासून गुलाबी चालतात. हरीण मारल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदवायचं. तुमच्याकडे नोंदीला दहा दिवस आहेत, पण परवान्याबरोबर मिळालेली चिठ्ठी मात्र जनावर जागचं हलवायच्या आधी पेनाने भरून कानाला बांधावी लागते.

आणि मचाण! बंदुकीपेक्षा मचाणावरून पडून जास्त लोक हातपाय मोडून घेतात. माझा एक सहकारी बारा फुटांवरून पडला, चार तास बर्फात. मोबाइल खिशात होता, पण हात पोचत नव्हता. पट्टा अंगभर बांधायचा, तो जमिनीवर असतानाच झाडाच्या दोराला अडकवायचा, आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढायची. सत्तरीतल्या माणसाला तर मी मचाण नकोच म्हणेन.

नवा_भिडू | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

थोडं अवांतर. मी एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. ऑफिसमधला मित्र शिकारीला चल म्हणतोय, स्वतःची रायफल हातात देणार. मी गेलो तर?

रानोमाळ | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

अवांतर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. थांबा आणि नीट वाचा. केंद्रीय कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. हातात घेतली तरी "बाळगणं" होऊ शकतं. अपवाद आहे: तुमच्याकडे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर. म्हणजे आधी कोर्स, मग परवाना, मग रायफलला हात. मित्राच्या अंगणात "दोन बार काढून बघ" हे परवान्याआधी नाही.

खाच पुढे आहे. परवाना ३० जूनला संपतो. बंदूक विकत घेतलीत, ती १ जुलैला कपाटात आहे आणि नवा परवाना काढायला विसरलात, तर अपवाद गेला आणि गुन्हा उरला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमच्या जागी मी असतो तर इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे देऊन विचारलं असतं. फोरमवरच्या सल्ल्यावर व्हिसा टांगू नये, माझ्याही.

नवा_भिडू | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:३१

बाप रे. मी कॅमेरा घेऊन जातो.

रानोमाळ | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

केशरी टोपी घालून.

सुपारीबाग | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

आज आजोबांबरोबर चढावर जाऊन आले. नवरा, मुलगी, बंड्या, सगळी वरात. रानोमाळांचा प्रश्न विचारला. आजोबा हसले आणि एका ओकच्या बुंध्याशी जाऊन बसले. मचाण सात वर्षांपूर्वीच सोडलं म्हणाले, गुडघे. तिथून खाली ओढ्याचा खोलगट भाग दिसतो आणि त्याच्या मागे समोरचा मातीचा उतार. घर त्यांच्या पाठीशी. म्हणाले, "या दोन पाइनच्या मधेच. डावीकडे गेलं तर गेलं, उजवीकडे गेलं तर गेलं."

मी मुद्दाम उजवीकडे काय आहे विचारलं. "तुमच्या मुलीची बस."

आता कागदाचं आणि जबाबदारीचं कुणी सांगेल का?

हिशेबतपासनीस | १२ ऑक्टोबर, रात्री ८:०५

पेनसिल्व्हेनियात १९६६ चा एक कायदा आहे, फुकट करमणुकीसाठी जमीन वापरू देणाऱ्या मालकाला संरक्षण देणारा. शिकार त्यात येते. दोन गोष्टी सांभाळा. पैसे घेऊ नका, घेतले की ते कवच गळतं. आणि तुम्हाला माहीत असलेला धोका मुद्दाम लपवू नका, जुनी विहीर, कुजका पूल, पडकी तार असेल तर दाखवा आणि कागदावर लिहा. घराच्या विमा एजंटलाही एक फोन.

यंदापासून रविवारची बंदी उठली आहे. १८७३ पासूनची होती, २०१९ च्या कायद्याने तीन रविवार मोकळे झाले, आता २०२५ च्या कायद्याने बाकीच्यांचीही वाट मोकळी झाली. पण रविवारी खाजगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची लेखी परवानगी लागते. तुम्हाला रविवार मोकळा हवा असेल तर कागदावर "सोमवार ते शनिवार" एवढंच लिहा.

आणि ही परवानगी आजोबांना आहे, त्यांच्या भाच्याला आणि भाच्याच्या मित्राला नाही, हे नावानिशी लिहा. खरी भानगड नेहमी भाच्यापासून सुरू होते.

मांजरपाट | १२ ऑक्टोबर, रात्री ८:२२

हे वाक्य सोसायटीच्या पार्किंगलाही लागू.

रानोमाळ | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४५

बाकीच्यांना रोखायचं तर हद्दीवरच्या झाडांना जांभळा रंग मारा. २०२० पासून इथे जांभळ्या पट्ट्याला "आत येऊ नये" पाटीइतकाच अर्थ आहे. पट्टा उभा, किमान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर, आणि दोन खुणांत शंभर फुटांपेक्षा जास्त अंतर नको. पाट्या वाऱ्याने पडतात आणि लोक फाडतात, रंग राहतो. (फिलाडेल्फिया आणि आमची अ‍ॅलेगेनी काउंटी सोडून. आम्ही पाट्याच लावतो.)

आणखी एक ठरवून ठेवा. जखमी हरीण तुमच्या हद्दीतून पलीकडे गेलं तर आजोबांना तिकडच्या मालकाला विचारूनच जाता येतं. उलटही तसंच: कुणी अनोळखी केशरी टोपीवाला दारात येऊन "माझं हरीण तुमच्याकडे पडलंय" म्हणाला तर घाबरू नका, तो नियमानेच वागतोय.

वरणभात | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

मी अजूनही नाहीच म्हणालो असतो. पण आजोबा बसचं वेळापत्रक पाठ करून बसलेत हे मान्य.

पर्वतीचा_पक्षी | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

गाडीखाली आलेल्या हरणाचं काय? माझ्या मित्राच्या गाडीचं नाक गेलं, वर हरीणही सोडून आला.

रानोमाळ | १३ ऑक्टोबर, दुपारी १:००

इथल्या रहिवाशाला ते घरी नेता येतं, २४ तासांच्या आत कमिशनला फोन करून परवाना नंबर घ्यायचा. शिंगं मात्र सरकारजमा. नाहीतर लोकांनी शिंगांसाठी गाड्या घातल्या असत्या, असं म्हणतात.

सुपारीबाग | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

काल पहिला दिवस होता, वृत्तांत देते.

कागद झाला. एक पान, आजोबांचं नाव, सोमवार ते शनिवार, फक्त चढ, आत जाताना आणि बाहेर पडताना मेसेज. मुलीने खाली ओढ्यातल्या निसरड्या दगडाचं चित्र काढून "धोका" लिहिलं, आजोबांनी त्यावरही सही केली.

पहाटे ५:४० ला मेसेज, "आत". सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते म्हणे. ६:४२ ला लांब कुठेतरी पहिला बार, मग डोंगराच्या त्या बाजूला एकामागून एक. दिवाळीच्या पहाटे कुणाच्या तरी अंगणात पहिला फटाका वाजतो ना, अगदी तसं, फक्त पोटात गोळा. बंड्या पलंगाखाली. मुलीला आणि बंड्याला दिवसभर बाहेर सोडलं नाही, नवरा कचरा टाकायलासुद्धा केशरी टोपी घालून गेला.

दुपारी साडेअकराला "बाहेर". आमच्या रानातून एकही बार नाही. आजोबा चहाला आले (आल्याचा आवडला, दोन कप). मोठा नर आला होता म्हणाले, आठ टोकांचा. अर्धा तास माथ्यावर उभा होता. मागे आकाश.

रानोमाळ | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आजोबांना माझा नमस्कार सांगा.

सुपारीबाग | ९ डिसेंबर, रात्री ९:००

शनिवारी आजोबांना मादी मिळाली, दोन पाइनच्या मधे. एकच बार. मुलीला बघायचं होतं, मी नको म्हणत होते, शेवटी लांबून बघितलं. तिच्या लक्षात राहिलं ते म्हणजे आजोबा आधी गुडघ्यावर बसून, चष्मा लावून, थंडीने आखडलेल्या बोटांनी चिठ्ठी भरत होते आणि ती कानाला बांधेपर्यंत त्यांनी जनावराला जागचं हलवलं नाही. आजोबांनी शिशाची नाही, तांब्याची गोळी वापरली होती, मांसात शिशाचे कण राहू नयेत म्हणून. हे त्यांनी आपणहून सांगितलं, कारण पाच पौंड आमच्या दारात ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं.

मी खात नाही. नवरा खातो आणि काळ्या मसाल्याचा डबा काढून बसलाय. कुकरला किती शिट्ट्या?

ह्यूस्टनची_माई | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

चरबी अजिबात नसते, बोकडाच्या हिशेबाने लावलं तर चामडं होईल. मांडीचं असेल तर दह्यात रात्रभर, मग मंद आचेवर झाकून. पाठीचं असेल तर कुकर नकोच, तव्यावर तुपात दोन मिनिटं. आणि रोगाचा रिपोर्ट आला का? ते आधी सांगा.

सुपारीबाग | ९ डिसेंबर, रात्री ९:४४

डोकं आजोबांनी रविवारीच पेटीत टाकलं. रिपोर्ट यायचाय. पाकिटावर मुलीने जांभळ्या खडूने उभा पट्टा मारून ठेवलाय, आठ इंच लांब, एक इंच रुंद. नवरा फ्रीझरकडे बघतो आणि परत येतो.